एकच फोल्डर, विंडोज-मॅक-उबंटू तिघांना: काय चालतं, काय नाही चालत

ताई, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. म्हणजे धंतोलीतलं ऑफिस, ९ विंडोज, २ मॅक, ३ उबंटू (म्हणजे लिनक्स), मधात एक उबंटूचाच सर्व्हर, आणि त्यावरचं एकच फोल्डर विंडोजवाल्यांना सांबाने (लिनक्सवरून विंडोजच्या पद्धतीने, म्हणजे एसएमबीने, फोल्डर वाटणारा प्रोग्राम) आणि मॅक-उबंटूवाल्यांना एनएफएसने (युनिक्सकडची फोल्डर वाटायची पद्धत) दिलेलं. मराठी नावाच्या फाइली दोन-दोन दिसून राहिल्या, एकाने सेव्ह केलेलं दुसऱ्याला जुनंच दिसतं, मॅकवरून ठेवलेल्या काही फाइलींची नावं विंडोजवर भलतीच येतात, आणि नवीन विंडोज ११ चा लॅपटॉप काही केल्या जोडल्या जात नाही. शेवटी तुम्ही विचारलंय की तिघांनाही चालेल अशी कोणती फाइल सिस्टिम टाकू, सर्व्हर फॉरमॅट करायची तयारी आहे.

फॉरमॅट करू नका. तुमच्या सर्व्हरची फाइल सिस्टिम, ईएक्सटी४, चांगली आहे, डिस्कमध्ये काहीच दोष नाही. मी १८ वर्षांपासून नागपुरात हेच काम करतो, सीताबर्डीच्या छोट्या ऑफिसांपासून मिहानमधल्या कंपन्यांपर्यंत, आणि मिक्स ऑफिस असलं की हे असंच होतं कारण नाव म्हणजे काय, फाइलचा मालक कोण, आणि फाइल उघडी आहे म्हणजे नेमकं काय, या तीन गोष्टींचे नियम प्रत्येक सिस्टिमचे वेगळे आहेत. एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये काढलं ते युनिक्सच्या लोकांसाठी, एसएमबी आलं डॉसच्या पीसींसाठी, आणि दोघांनीही आपलं जग तेच सगळं जग असं धरून नियम केले. त्यामुळे शेअर फोल्डरवर ज्याचा नियम सगळ्यात कडक, तो सगळ्यांनी पाळायचा आणि आत यायला दार एकच ठेवायचं. माझं म्हणणं एवढंच आहे, आता कारणं सांगतो म्हणजे तुमच्या लोकांना पटवता येईल.

आधी मराठी नावांचं घेतो, कारण हे इंग्रजीतल्या गाइडमध्ये सापडत नाही आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त छळतं. "शेतकऱ्यांची यादी" हे नाव घ्या. त्यातला ऱ्य, म्हणजे तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र, कॉम्प्युटरमध्ये तीन प्रकारे साठवल्या जाऊ शकतो. एक, ऱ हे आख्खं एक अक्षर आणि त्याला हलंत. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता (टिंब) वेगळा, मग हलंत. तीन, साधा र, हलंत, आणि त्यानंतर एक न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर, झेडडब्ल्यूजे म्हणतात त्याला. स्क्रीनवर तिन्ही एकदम सारखे दिसतात, भिंग लावून पाहिलं तरी फरक कळणार नाही, पण ईएक्सटी४ ला अक्षरं समजतच नाहीत, त्याला फक्त बाइट समजतात, म्हणून त्याच्या लेखी ही तीन वेगळी नावं आणि तीन वेगळ्या फाइली. विंडोजचं एनटीएफएससुद्धा जे टाइप झालं तेच ठेवतं. मॅकचं जुनं एचएफएस प्लस मात्र नाव साठवतानाच ते मोडून टाकायचं, म्हणजे पहिल्या प्रकारचं नाव दिलं तरी दुसऱ्या प्रकारात ठेवायचं. २०१७ मध्ये मॅकची नवी फाइल सिस्टिम एपीएफएस आल्यावर दिलेलं नाव तसंच राहतं आणि शोधताना पहिला-दुसरा प्रकार एकच धरल्या जातो, पण फाइंडरमधून बनवलेली नावं अजूनही बरेचदा मोडलेल्या रूपातच बाहेर पडतात. एसएमबीने गेलं तर मॅक ते परत जोडून पाठवतो, एनएफएसने गेलं तर सांगितल्याशिवाय जोडत नाही, त्यासाठी माउंट करताना (फोल्डर आपल्या मशीनला जोडताना) एनएफसी (जोडलेलं, म्हणजे पहिल्या प्रकारचं रूप) नावाचा ऑप्शन द्यावा लागतो आणि तो कोणी देत नाही. तुमच्या दोन-दोन फाइलींचं मूळ मला इथेच दिसतं. मॅकवाल्याने "कर्मचाऱ्यांचे पगार" बनवली, विंडोजवाल्याने तीच फाइल मेलमधून उतरवून त्याच फोल्डरमध्ये टाकली, रिप्लेस करू का असं विचारल्याच गेलं नाही कारण सर्व्हरच्या दृष्टीने ती नवीन फाइल होती. मराठीत दुसऱ्या, साऱ्या, अधिकाऱ्यांचे, कर्मचाऱ्यांना असे शब्द पावलोपावली येतात म्हणून आपल्याला याचा फटका जास्त बसतो.

उपाय आहे. कन्व्हएमव्ही म्हणून लिनक्सवर एक टूल आहे, ते आख्ख्या फोल्डरमधली नावं एका रूपात, एनएफसीमध्ये, आणून देतं. पण झेडडब्ल्यूजेवालं तिसरं रूप त्याने दुरुस्त होत नाही, कारण युनिकोडच्या नियमात ते पहिल्या दोघांच्या बरोबरीचं धरलेलंच नाही. ते कीबोर्डवरून येतं, काही मराठी कीबोर्ड ऱ देतात, काही र-हलंत-झेडडब्ल्यूजे देतात, म्हणून ऑफिसात सगळ्यांना एकच कीबोर्ड लेआउट लावून द्या, इनस्क्रिप्ट म्हणा की अजून कोणता, पण एकच. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण मी ज्या ज्या ठिकाणी केलं तिथे डुप्लिकेटचा त्रास खरंच गेला.

मराठी नावाची दुसरी अडचण लांबीची. ईएक्सटी४ वर एका नावाला २५५ बाइट मिळतात, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट खातं, काना-मात्रा-अनुस्वार-हलंत सगळे वेगळे मोजून. "शेतकऱ्यांची" हा शब्द डोळ्याला ५ अक्षरांचा दिसतो, आतून ती ११ चिन्हं आहेत, आणि डिस्कवर ३३ बाइट. म्हणजे २५५ भागिले ३, फक्त ८५ चिन्हं. एनटीएफएसवर मात्र मोजमाप बाइटचं नाही, तिथे देवनागरीची २५५ चिन्हं मावतात. आता शासन निर्णयाच्या पीडीएफला लोक विषयाचं आख्खं वाक्यच नाव म्हणून देतात, "...बाबत सुधारित मार्गदर्शक सूचना" पर्यंत, ती विंडोजच्या डेस्कटॉपवर मजेत राहते आणि सर्व्हरवर कॉपी करायला गेलं की एरर, आणि एरर असा येतो की माणसाला वाटतं परमिशनची भानगड आहे. काही एनएएस बॉक्सवर (नेटवर्कवरच्या तयार स्टोरेज पेट्यांवर) एन्क्रिप्टेड फोल्डर ईक्रिप्टएफएस नावाच्या पद्धतीने चालतात, तिथे तर १४३ बाइटच मिळतात, म्हणजे मराठीची ४७ चिन्हं. माझा नियम असा की मराठी नाव ४० चिन्हांच्या आत, आणि तारीख पुढे.

तारखेवरून आठवलं. मॅकच्या फाइंडरमध्ये नावात तिरपी रेघ चालते, म्हणून मॅकवाले "बिल १२/०३" असं बिनधास्त लिहितात, आत ती रेघ कोलन म्हणून साठवली जाते. विंडोजला मात्र ही नऊ चिन्हं नावात चालत नाहीत: \ / : * ? " < > | . शेवटी टिंब किंवा स्पेस असलेलं नावही चालत नाही. मग बिचारा सांबा काय करतो, विंडोजवाल्याला ते नाव तोडूनमोडून आठ अक्षरांचं, मधात टिल्डे (~) लावून दाखवतो. तुमची भलती नावं ती हीच. सांबात कॅटिया आणि फ्रूट ही दोन मॉड्यूल लावली की ही चिन्हं विंडोजला चालतील अशा चिन्हांत बदलून दाखवल्या जातात. तरी खरा इलाज मॅकवाल्यांना समजावण्याचाच, नावात फक्त अक्षरं, आकडे, हायफन, अंडरस्कोर. विंडोजला चालत नसलेली काही आख्खी नावंही आहेत, कॉन, पीआरएन, ऑक्स, नल, आणि कॉम १ ते ९, एलपीटी १ ते ९, डॉसच्या काळापासून ही डिव्हाइसची नावं आहेत. कोराडीच्या कामाची ड्रॉइंग करणाऱ्या एका ऑफिसात ऑक्झिलरी सिस्टिमच्या फोल्डरला लिनक्सवरून ए-यू-एक्स नाव दिलेलं होतं, विंडोजवर ते उघडेना की डिलीट होईना, दोन दिवस त्यांना व्हायरस वाटला.

लहान-मोठ्या लिपीचं म्हणाल तर देवनागरीत तो प्रकारच नाही म्हणून मराठी नावं यातून सुटतात, पण इंग्रजी नावं सापडतात. लिनक्सला मोठ्या सी चं कव्हर आणि लहान सी चं कव्हर या दोन फाइली, विंडोजला आणि मॅकला बाय डिफॉल्ट एकच. एका प्रकाशनाच्या कामात मी हे डोळ्यांनी पाहिलंय, दिवाळी अंकाचं कव्हर होतं. उबंटूवरच्या मुलाने नवीन किमतीचं कव्हर लहान सी ने एक्स्पोर्ट केलं, जुनं मोठ्या सी चं तिथेच राहिलं. विंडोजवर लिस्टमध्ये दोन्ही दिसत होते, पण कोणत्याही एकावर क्लिक करा, जुनंच उघडत होतं, कारण विंडोजला ही दोन नावं वेगळी वाटतच नाहीत. छपाईच्या प्लेटा जुन्या कव्हरच्या निघाल्या. त्या मुलाला बोलणी बसली, खरं तर त्याची काहीच चूक नव्हती, मला आजही त्याचं वाईट वाटतं. तेव्हापासून मी इंग्रजी नाव असेल तर सगळं लहान लिपीत हा नियम भिंतीवर चिकटवूनच देतो.

आता तुमची दुसरी तक्रार, सेव्ह केलेलं जुनंच दिसतं ती. ही सगळ्यात धोक्याची. यात दोन गोष्टी मिसळल्यात. पहिली म्हणजे एनएफएसचा क्लायंट फाइलची माहिती स्वतःजवळ धरून ठेवतो, लिनक्सवर डिफॉल्ट फाइलीसाठी ३ ते ६० सेकंद आणि फोल्डरसाठी ३० ते ६० सेकंद. म्हणजे दुसऱ्याने आत्ता ठेवलेली फाइल तुम्हाला मिनिटभर दिसली नाही तर ते बिघडलेलं नाही, तसंच बनवलंय. बंद करून परत उघडलं की ताजं मिळतं. दुसरी गोष्ट दोन दारांची. विंडोजवाला सांबातून फाइल उघडतो तेव्हा सांबा त्याला सांगतो की ही सध्या तुझ्या एकट्याकडे आहे, खुशाल आपल्याजवळ कॅश कर, याला ऑपलॉक म्हणतात, नवीन भाषेत लीज. दुसरा विंडोजवाला आला की सांबा पहिल्याला टोकतो, बाबा तुझ्याजवळचं लिहून दे आधी. पण एनएफएसने आलेला माणूस सांबाच्या दारातून येतच नाही, तो थेट कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) दारातून आत, सांबाला त्याचा पत्ताच नाही. म्हणून एकीकडे विंडोजवरचं ताजं काम अजून त्या मशीनमध्येच पडलेलं, आणि दुसरीकडे उबंटूवाला जुनी प्रत वाचून तिच्यावरच सेव्ह मारतो. फाइल इन यूज असा मेसेजसुद्धा अशा वेळी येत नाही, कारण विंडोजचं लॉक सक्तीचं असतं आणि लिनक्सचं लॉक विनंतीवजा, ज्या प्रोग्रामला बघायचं त्याने बघावं. वर्डची ती ~$ ने सुरू होणारी छोटी फाइल दिसते ना, तीसुद्धा कोणी फाइल उघडली आहे ते नाव दाखवण्यापुरती, खरं कुलूप ती नव्हे, आणि कचरा समजून कोणी ती डिलीट करत असेल तर त्याला थांबवा. सांबात कर्नल ऑपलॉक्स म्हणून सेटिंग आहे ज्याने एनएफएसकडून कोणी हात लावला तर सांबाला कळतं, पण डिफॉल्ट ते बंद असतं आणि चालू केलं की नवीन लीजचा फायदा जातो. म्हणून मी त्या वाटेने जात नाही.

मी सांगतो ते करा, एनएफएस काढून टाका. तिन्ही सिस्टिमना एसएमबीच द्या. मॅक तर २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून स्वतःच एसएमबीला पहिली पसंती देतो, उबंटूवर सीआयएफएस (एसएमबीचंच लिनक्सवरचं नाव) माउंट केलं की झालं. उलट सगळ्यांना एनएफएस का नाही देत म्हणाल तर विंडोजचा एनएफएस क्लायंट होम एडिशनमध्ये मिळत नाही, मिळतो तिथे आवृत्ती ३ च्या पुढे जात नाही, आणि त्यात देवनागरी नावांची पार वाट लागते. शिवाय एनएफएसमध्ये साध्या सेटिंगला मालक म्हणजे फक्त नंबर. उबंटूवर पहिला बनवलेला यूजर १०००, मॅकवर ५०१. तुमच्या तिन्ही उबंटू मशीनवर तीन वेगळे लोक बसतात पण सर्व्हरच्या लेखी तिघंही १०००, एकच माणूस, एकमेकांच्या फाइली उडवायला मोकळे, आणि मॅकवाला ५०१ म्हणून परका. लोक मग वैतागून ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) मारतात, तुमच्या सर्व्हरवरही मारलेलं असेल असा मला अंदाज आहे. सांबात प्रत्येकाला नाव-पासवर्ड द्या, एक ग्रुप करा, फोल्डरला सेटजीआयडी लावा (म्हणजे आतल्या नव्या फाइली त्याच ग्रुपच्या होतात), सांबात फोर्स ग्रुप, क्रिएट मास्क ०६६०, डिरेक्टरी मास्क २७७०, एवढ्यावर छोट्या ऑफिसचं भागतं. विंडोजवरच्या सिक्युरिटी टॅबमधून बारीक बारीक परमिशन देण्याच्या भानगडीत पडू नका, विंडोजच्या एसीएल (माणसागणिक परवानग्यांच्या याद्या) आणि लिनक्सचे परवानगीचे नऊ बिट यांचं भाषांतर पूर्ण कधीच होत नाही.

विंडोज ११ च्या लॅपटॉपचं सोपं आहे. तो २४एच२ किंवा त्यापुढच्या आवृत्तीचा असणार. २०२४ च्या त्या अपडेटपासून एसएमबी साइनिंग (प्रत्येक निरोपावर सही) डिफॉल्ट सक्तीचं झालं आणि प्रो एडिशनमध्येही बिनपासवर्डचा गेस्ट प्रवेश बंद झाला, गेस्टकडे पासवर्डच नाही तर सही कशाने करणार. तुमचं शेअर गेस्टवर चालू आहे हे तुमच्या वर्णनावरूनच कळतं. इंटरनेटवर रजिस्ट्री बदलून हे बंद करायच्या युक्त्या मिळतील, कृपा करून करू नका, वर सांगितल्याप्रमाणे यूजर बनवला की लॅपटॉप आपोआप जोडल्या जाईल. जुना कॉपियर स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकत असेल तर तोही तपासा, कारण जुन्या मशीनना एसएमबी१, म्हणजे एसएमबीची पहिली आवृत्ती, लागते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरस त्याच्याच भोकातून पसरला, त्याच वर्षीच्या १७०९ आवृत्तीपासून विंडोज १० त्याचा सर्व्हरवाला भाग मुळात टाकतच नाही, आणि सांबाने २०१९ च्या ४.११ पासून डिफॉल्ट बंद केलं. एका कॉपियरसाठी आख्ख्या सर्व्हरवर ते उघडायचं नाही, स्कॅन ईमेलवर किंवा एफटीपीने वेगळ्या फोल्डरला घ्या.

मॅकवाल्यांसाठी फ्रूट, कॅटिया आणि स्ट्रीम्स एक्सॅटर ही तीन मॉड्यूल सांबाच्या ग्लोबल भागात टाका, एका शेअरला आहे आणि दुसऱ्याला नाही असं करू नका. त्याने मॅकने सोडलेल्या, टिंब-अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या जोडफाइलींचा पसारा बराच आटोक्यात येतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही तरी सांगतो, कारण नुकसान इथेच मोठं होतं. चालू डेटाबेस या फोल्डरवर ठेवायचा नाही. ॲक्सेसची फाइल, एसक्यूलाइट (एका फाइलीतला छोटा डेटाबेस) वापरणारं कोणतंही सॉफ्टवेअर, आउटलुक ईमेलची पीएसटी फाइल. एसक्यूलाइटचा वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहायची पद्धत) नेटवर्कवर चालतच नाही, त्याला सगळे प्रोग्राम एकाच मशीनवर आणि एकाच मेमरीत लागतात. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते-येते, सर्व्हरला यूपीएस असतो पण मधातल्या स्विचला कोणी लावत नाही, तो स्विच दोन सेकंद बंद झाला की अर्धवट लिहिलेला डेटाबेस तिथेच मोडतो. स्विचला छोटा यूपीएस लावा, आजच लावा.

विंडोजची २६० कॅरेक्टरची पाथ मर्यादा अजूनही जिवंत आहे, सर्व्हरचं नाव आणि सगळे फोल्डर धरून. विंडोज १० च्या १६०७ पासून ती वाढवायचं सेटिंग आहे पण प्रोग्रामने स्वतः साथ द्यावी लागते आणि बरेचसे देत नाहीत. ड्राइव्ह लेटर देऊन मॅप केलं की पाथ थोडा आखूड होतो. फोल्डरात फोल्डर चार पातळ्यांच्या पुढे नको.

पेनड्राइव्हवर देवाणघेवाण असेल तर एक्सफॅट वापरा, फॅट३२ वर ४ जीबीची फाइल जात नाही आणि एनटीएफएस मॅकला नुसतं वाचता येतं. पण एक्सफॅटला जर्नल (बदलांची नोंदवही) नाही, इजेक्ट न करता ओढली तर आख्खी यादी खराब होऊ शकते, म्हणून ती नेण्या-आणण्यापुरती, त्यावर काम करायचं नाही.

काम करताना क्रम चुकवू नका. शनिवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर आधी पूर्ण बॅकअप, वेगळ्या डिस्कवर, आणि त्यातल्या दहा-पंधरा मराठी नावांच्या फाइली उघडून बघा. मग एनएफएस बंद, मग नावांची दुरुस्ती. कन्व्हएमव्ही डिफॉल्टमध्ये काहीच बदलत नाही, काय बदलेल त्याची नुसती यादी दाखवतो, ती यादी फाइलमध्ये काढा आणि डोळ्याखालून घाला. जिथे एकाच नावाच्या दोन फाइली आहेत तिथे टूलवर सोडू नका, दोन्ही उघडून कोणती खरी ते ज्याचं काम आहे त्याला विचारा, तारखेवरून ठरवू नका कारण मागून कॉपी झालेली जुनी फाइलही नवी तारीख दाखवू शकते. ते झालं की नोटेस्ट ऑप्शन लावून कन्व्हएमव्ही खरोखर चालवा. रविवारी यूजर आणि सांबाचं सेटिंग, सोमवारी सकाळी आधी फक्त एक विंडोज, एक मॅक, एक उबंटू जोडून एकच फाइल तिघांकडून उघडून बघा, दुसऱ्याला लॉकचा मेसेज आला की मगच बाकीच्यांना जोडा. मॅकवर कोणती आवृत्ती आहे आणि सर्व्हरवर सांबा कितवा आहे एवढं कळवा, फ्रूटच्या ओळी त्याप्रमाणे लिहून देतो.